घरगुती ध्वनिमुद्रणासाठी डेस्कटॉप संगणक कसा निवडावा

संगीतासाठी संगणक हवा म्हणून बेळगावच्या एखाद्या दुकानात गेले की पहिला प्रश्न प्रोसेसरचा विचारला जातो आणि दुसरा ग्राफिक कार्डाचा. घरी अभंग, भावगीते किंवा ऑर्केस्ट्रासाठीचे ट्रॅक तयार करणाऱ्याने हे दोन्ही प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावेत. आपण ज्या खोलीत गाणार आहोत त्याच खोलीत हे यंत्र चालणार आहे, आणि वीज त्याला आपल्याच गल्लीतली मिळणार आहे. त्यामुळे त्याचा आवाज किती होतो आणि तीन-चार तास ते न अडखळता चालते का, याचा विचार वेगाच्या आधी करावा लागतो. सीमाभागातील बहुतेक घरांतील कामासाठी आजचा मध्यम प्रतीचा कोणताही प्रोसेसर पुरेसा आहे. तेथे वाचवलेले पैसे कोठे घालावेत, हे या लेखात मुख्यतः सांगितले आहे.

प्रथम आपले काम कोणत्या प्रकारचे आहे, हे ठरवावे. ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. पहिल्यात खरी वाद्ये आणि खरे गळे असतात: गायक, पेटी, पखवाज, टाळ, कधी वीणा किंवा तानपुरा. येथे संगणक प्रामुख्याने मुद्रण आणि नंतरचे मिक्सिंग (सगळे आवाज एकमेकांशी जुळवून एकत्र करणे) करतो. दुसऱ्या प्रकारात कीबोर्डवादक किंवा ट्रॅक बनवणारा कलाकार सारी वाद्ये संगणकातूनच वाजवतो. व्हायोलिनचा ताफा, बासरी, ढोलकी, सगळे प्लगइनमधून, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमधून येते. पहिल्या प्रकाराला शांत यंत्र, भरपूर साठवण आणि चांगला ऑडिओ इंटरफेस (माइक व हेडफोन संगणकाला जोडणारा डबा) लागतो. दुसऱ्याला वेगवान प्रोसेसर आणि जास्त रॅम लागते. दोन्ही कामे करणाऱ्याने दुसऱ्या प्रकारचे यंत्र घेऊन ते पहिल्याइतके शांत करावे.

या दोन प्रकारांतील खरा फरक लेटन्सी म्हणजे विलंब समजून घेतल्यावर कळतो. संगणक ध्वनी सलग वाहू देत नाही, त्याचे लहान लहान गठ्ठे करून तो पुढे ढकलतो, आणि या गठ्ठ्याच्या आकाराला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने (ध्वनीची मोजमापे) या दराने १२८ नमुन्यांचा बफर ठेवला तर एका गठ्ठ्याला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात, २५६ ला ५.८, ५१२ ला ११.६ आणि १०२४ ला २३ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. ध्वनी आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा थांबतो, शिवाय इंटरफेस आणि त्याच्या ड्रायव्हरचा (त्याला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) थोडा विलंब त्यात मिळतो. हवेतून ध्वनीला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे दोन मीटरवर बसलेल्या पखवाजवादकाची थाप गायकाला तशीही ६ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. एकूण विलंब १० मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर कीबोर्डवादकाला तो सहसा खुपत नाही. २५-३० च्या पुढे गेला की मात्र बोट पडल्यावर स्वर मागाहून आल्यासारखा वाटतो आणि लय ओढली जाते.

बफर लहान ठेवायचा तर प्रोसेसरला प्रत्येक गठ्ठ्याचे काम ठरलेल्या क्षणाच्या आत उरकावे लागते. एकदा जरी उशीर झाला तरी आवाजात टिचकी किंवा खरखर ऐकू येते. म्हणून प्लगइनमधून वाद्ये वाजवणाऱ्यांना वेगवान प्रोसेसर हवा. गायकाची गोष्ट वेगळी आहे. जवळजवळ प्रत्येक ऑडिओ इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ची सोय असते, ती सुरू केली की गायकाचा आवाज संगणकात न शिरता थेट त्याच्या हेडफोनमध्ये जातो आणि बफर १०२४ असला तरी त्याला फरक पडत नाही. अभंग मुद्रित करणाऱ्याने महागड्या प्रोसेसरवर खर्च करू नये असे मी म्हणतो, त्याचे कारण हेच.

प्रोसेसर निवडताना गाभ्यांची, म्हणजे कोअरची संख्या आणि एकेका कोअरचा वेग, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. एका ट्रॅकवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधील एका वाद्याच्या किंवा गळ्याच्या पट्टीवर, लावलेली प्लगइनची साखळी एकामागून एक चालत असल्याने ती साधारणतः एकाच कोअरवर पडते; निरनिराळे ट्रॅक मात्र निरनिराळ्या कोअरवर वाटले जातात. सोळा मंद कोअरपेक्षा सहा वेगवान कोअर आपल्या कामाला बरे, ते यामुळे. इंटेलचा आय५-१२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ७६००, दोन्ही सहा कोअरचे, घरगुती कामाला पुरून उरतात. येथे एका अक्षराकडे लक्ष द्यावे. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक नसते आणि पडद्यावर काही दिसण्यासाठी वेगळे कार्ड घ्यावे लागते. ‘एफ’वाला प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानदार तो सुचवतो, मग कार्ड विकतो, आणि कार्डाचा पंखा आपल्या माइकमध्ये शिरतो. संगीताला ग्राफिक कार्ड लागत नाही.

रॅम १६ जीबी ही आजची किमान मर्यादा समजावी. वाद्यसमूहांच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या मुद्रित स्वरांचे संच) वापरणाऱ्याने ३२ जीबी घ्यावी. १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेतल्या तर वेग थोडा वाढतो. पण मदरबोर्डवर दोनच खाचा असतील आणि पुढे रॅम वाढवायचा विचार असेल, तर १६ ची एक पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवणे शहाणपणाचे. रॅमचे भाव फार खालीवर होत असल्याने खरेदीच्या आठवड्यातच दर विचारावेत.

साठवणीचा हिशेब मात्र कागदावर मांडून करावा. २४ बिट आणि ४८,००० नमुन्यांच्या दराने एका माइकचे एका मिनिटाचे मुद्रण ८.६४ एमबी जागा घेते. आठ माइक लावून भजन मंडळाची दोन तासांची बैठक मुद्रित केली तर सुमारे ८.३ जीबी होतात, आणि आठ तासांचा हरिजागर पुरा घेतला तर ३३ जीबी. ५०० जीबीची डिस्क अशा कामात वर्षभरातच अपुरी वाटू लागते. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), आणि चालू कामे व लायब्ररी यांसाठी १ टीबीची दुसरी एसएसडी, अशी रचना मला सर्वांत सोयीची वाटते. संगणकाच्या आत फिरणारी हार्ड डिस्क बसवू नये, कारण तिची बारीक घरघर कॅबिनेटच्या पत्र्यातून टेबलात उतरते. बॅकअपसाठी यूएसबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी आणि काम संपल्यावरच ती जोडावी.

आता शांततेकडे वळतो. माइक कानापेक्षा निर्दय असतो. पंख्याचा आवाज आपल्याला पाच मिनिटांत ऐकू येईनासा होतो, पण तानपुऱ्यावर घेतलेला मंद आलाप मिक्सिंगमध्ये वर उचलला आणि त्यावर कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतील फरक कमी करणारे प्लगइन) लावला की तोच आवाज प्रत्येक विरामात समोर येतो. प्रोसेसरसोबत खोक्यात मिळणारा छोटा पंखा भार वाढला की चढ्या सुरात फिरतो. त्याऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा असलेला उंच कूलर बसवला तर तेवढीच उष्णता कमी फेऱ्यांत निघून जाते. कॅबिनेटलाही मोठे आणि संथ पंखे असावेत. रंगीत दिव्यांची आणि काचेची कॅबिनेटे दुकानात समोर मांडलेली असतात. आपल्याला जाड पत्र्याचे, आतून फोम लावलेले साधे कॅबिनेट चालते, आणि ते न मिळाल्यास साध्याच पण दणकट कॅबिनेटवर भागवावे. एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, नामांकित कंपनीचा आणि गरजेपेक्षा जरा मोठा घ्यावा. असा संगणक संगीताच्या कामात सहसा १०० ते १५० वॉटच्या आतच वीज घेत असल्याने ४५० किंवा ५५० वॉटचा एसएमपीएस आरामात चालतो आणि त्याचा पंखा क्वचितच वेग घेतो.

संगणक ठेवायची जागाही निवडीचाच भाग मानावी. कार्डिऑइड माइक मागच्या बाजूचा आवाज सर्वांत कमी उचलतो, म्हणून माइकची पाठ कॅबिनेटकडे येईल अशी बैठक असावी. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंत चालते, तेव्हा संगणक टेबलाआड किंवा बाहेरच्या सोप्यात ठेवून इंटरफेस आतल्या खोलीत आणणेही शक्य आहे. वडगाव, शहापूर, खासबाग या विणकरांच्या वस्तीत राहणाऱ्यांना हे सारे वाचून हसू येईल, कारण शेजारच्या यंत्रमागांची खडखड चालू असताना पंख्याची काय मातब्बरी! पण माग रात्री किंवा सुटीच्या दिवशी थांबतात, आणि मुद्रणाला नेमकी तीच वेळ निवडल्यावर खोलीत उरतो तो पंखाच.

वीज हा आपल्या भागातील दुसरा मोठा विषय आहे. शेतीचे पंप सुरू झाले की खेड्यांत संध्याकाळी दाब उतरतो आणि यंत्रमागांच्या गल्लीत तो सारखा हलतो. यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस फाइल जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ देतो आणि तेवढे बहुतेकांना पुरते. मात्र स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देत नाहीत, आणि अॅक्टिव्ह पीएफसी (वीज खेचण्याची पद्धत सुधारणारे सर्किट) असलेले काही चांगले एसएमपीएस अशा विजेवर अडून बसतात व संगणक बंद पडतो. दुकानातच यूपीएसला संगणक जोडून भिंतीवरचे बटण बंद करून पाहावे. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का, हे पाहावे, कारण चौकोनी लहरीच्या विजेवर स्पीकरमध्ये हमखास गुणगुण येते. बहुतेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. संगणकासाठी तो ‘यूपीएस’वर ठेवावा लागतो, पण त्या स्थितीत इन्व्हर्टर फार उतरलेला दाब स्वीकारत नाही आणि वीज असूनही बॅटरीवर जातो, हे खेड्यांतील लोकांनी ध्यानात ठेवावे.

अर्थिंगबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण महागडे यंत्र आणूनही आवाज स्वच्छ येत नाही तेव्हा दोष पुष्कळदा येथे असतो. स्पीकरमध्ये सतत ऐकू येणारा जाड ‘हूं’ असा आवाज ५० हर्ट्झच्या विजेचा आणि त्याच्या पटींचा असतो. संगणक, इंटरफेस आणि स्पीकर निरनिराळ्या भिंतींवरच्या सॉकेटला लावले की अर्थिंगच्या तारांतून फेरा तयार होतो आणि तो आवाज शिरतो. तिन्ही वस्तू एकाच बोर्डावर घ्याव्यात आणि स्पीकरना बॅलन्स्ड (बाहेरचा असा आवाज छाटणाऱ्या) केबल वापराव्यात. वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावे. घराबाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत आजही उपयोगाची आहे, कारण जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होते. आवाज थांबतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत. तसे कदापि करू नये, गायकाच्या ओठांना लागलेल्या माइकमधून झटका बसू शकतो.

हवामानाचेही पाहावे. खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि महिनाभर बंद ठेवलेल्या संगणकाच्या रॅमच्या संपर्कपट्ट्या गंजू शकतात. यंत्र जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे आणि काम नसले तरी एकाआड एक दिवस अर्धा तास चालू करावे. कंडेन्सर माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा. अथणी-रायबागकडे त्रास धुळीचा, आणि पाचट जाळण्याच्या हंगामात काजळीचा; तेथे कॅबिनेटच्या तोंडाशी धुता येणारी जाळी असावी. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दिसले की प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत.

ऑडिओ इंटरफेस हा संगणकाबाहेरचा भाग असला तरी खर्चाचा हिशेब त्याला धरूनच करावा. एकूण रकमेचा साधारण तिसरा हिस्सा इंटरफेस, माइक आणि यूपीएससाठी राखावा, असे माझे मत आहे. मदरबोर्डवरच्या माइकच्या भोकात काही जोडून मुद्रण करू नये. एकट्या गायकाला दोन इनपुटचा इंटरफेस पुरतो, भजन मंडळाला आठचा लागतो. त्यावर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) आणि विंडोजसाठी कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (विलंब कमी ठेवणारा) ड्रायव्हर असावा. थंडरबोल्टच्या (यूएसबीहून वेगवान जोडणीच्या) मागे लागू नये: आठ माइकचा प्रवाह सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट होतो आणि यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट आहे.

जुना संगणक घ्यावा का, हा प्रश्न वारंवार येतो. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी, लेनोव्होचे डेस्कटॉप आता बाजारात सर्वत्र मिळतात आणि अभंगाच्या कामाला ते चांगले चालतात. मात्र इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली जाऊ नये. विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. याच पिढीपासून डेस्कटॉपचा आय५ चार कोअरचा सहा कोअरचा झाला. ‘आय७ आहे, घेऊन टाका’ असे म्हणत चौथ्या पिढीचे यंत्र पुढे केले जाते, ते घेऊ नये. अगदी सडपातळ कॅबिनेटचे मॉडेलही टाळावे. त्यांचा एसएमपीएस खास मापाचा असतो, बिघडला तर सहज मिळत नाही, आणि लहान पंखे मोठा आवाज करतात.

अॅपलचा मॅक मिनी हा वेगळा पर्याय आहे. २०२४ च्या अखेरीस आलेला एम४ चिपचा मॅक मिनी मुळातच १६ जीबी मेमरीचा असून तो जवळजवळ नि:शब्द चालतो आणि वीजही फार कमी घेतो, त्यामुळे साध्या यूपीएसवर बराच वेळ टिकतो. लॉजिक प्रो हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर मॅकवर चालते, विंडोजवर नाही. पण त्यात रॅम नंतर वाढवता येत नाही, मूळची २५६ जीबी जागा लवकर भरते आणि बाहेरची एसएसडी जोडावी लागते. बिघाड झाल्यास अधिकृत सेवा केंद्र आपल्यापासून किती दूर आहे, ते आधी पाहावे. गल्लीतल्या कारागिराला त्यात फारसे काही करता येत नाही.

खरेदी बेळगावात करावी, कोल्हापुरात की हुबळीत? जीएसटीचा दर दोन्ही राज्यांत एकच असल्याने सीमा ओलांडून कर वाचत नाही. भावात थोडा फरक पडेलही, पण असेम्बल केलेले यंत्र बिघडले की ते उचलून पुन्हा त्याच दुकानात न्यायचे असते, तेव्हा निपाणीकराने कोल्हापूर आणि खानापूरकराने बेळगाव धरणे सोयीचे. बिलावर प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल आणि सीरियल क्रमांक वेगवेगळे लिहून घ्यावेत. ‘कॉम्प्युटर सेट, नग १’ अशा बिलावर एसएसडीची पाच वर्षांची वॉरंटी मागता येत नाही. दुकानदार ‘सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो’ म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा, कारण चोरीच्या प्लगइनबरोबर व्हायरसही येतात. रीपर हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून पाहता येते, त्याचा वैयक्तिक परवाना स्वस्त आहे आणि ते जुन्या यंत्रावरही हलके चालते.

पैसे देण्यापूर्वीची तपासणी घाई न करता करावी. सकाळी दुकान उघडल्यावर, गर्दी नसताना जावे आणि आपला इंटरफेस व हेडफोन बरोबर न्यावेत. संगणक जोडून झाल्यावर दुकानातला छताचा पंखा आणि रेडिओ दोन मिनिटे बंद करायला सांगावे. रीपरमध्ये वीसेक ट्रॅकचे एखादे काम उघडून, प्रत्येक ट्रॅकवर रिव्हर्ब (घुमारा देणारे प्लगइन) लावून, ते अर्धा तास फिरवत ठेवावे आणि मग आपण गाताना जेवढ्या अंतरावर असू तेवढ्या अंतरावर उभे राहून ऐकावे. सुरुवातीला शांत असलेले यंत्र उष्णता वाढल्यावर कसे बोलू लागते, ते तेव्हाच कळते. याच वेळी बफर १२८ वर आणून टिचक्या येतात का, हेही पाहावे. आल्या तर लगेच यंत्राला दोष देऊ नये. लेटन्सीमॉन हे मोफत साधन चालवले की कोणता ड्रायव्हर अडथळा आणतो ते दिसते, आणि पुष्कळदा तो वायफायचा निघतो.

घरी आणल्यावर विंडोजमधील वापरकर्त्याचे नाव रोमन अक्षरांत ठेवावे. मराठी किंवा कन्नड अक्षरांतील नाव फोल्डरच्या वाटेत आले की काही जुनी प्लगइन उघडत नाहीत. वीजवापराची योजना ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवावी, यूएसबीची वीज वाचवण्याची सोय बंद करावी, आणि इंटरफेस कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या यूएसबीत लावावा, कारण पुढची भोके आतल्या लांब तारेने जोडलेली असतात आणि हबवर इंटरफेस मध्येच सुटतो. मुद्रणाच्या दिवशी वायफाय बंद ठेवावे आणि विंडोजचे अपडेट आठवडाभर पुढे ढकलावेत, म्हणजे मंडळी पेटी काढून सुरात बसल्यावर संगणक स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होणार नाही.